स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला गाणी कशी ऐकवावीत: निवड, तयारी आणि रोजची पद्धत

सकाळचा चहा झाला की नाही, हे आजीला आठवत नाही. लेकीला ती ‘तुम्ही कुठल्या?’ असं विचारते. पण घरात आरती सुरू झाली की टाळ्यांचा ठेका धरते आणि शेवटच्या कडव्यापर्यंत तिचा एक शब्द चुकत नाही. स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, असलेल्या घरांत हे दृश्य नवं नाही. घरचे चकित होतात, मोबाइलवर व्हिडिओ काढतात आणि गोष्ट तिथेच राहते. खरं तर ही उघडी राहिलेली वाट रोजच्या कामी येऊ शकते: नकोशी झालेली अंघोळ, तिन्हीसांजेची कासाविशी, काही न करता नुसतं बसून काढलेले दुपारचे तास. त्याला पैसा फारसा लागत नाही. तयारी मात्र नीट करावी लागते, आणि बहुतेक घरांत गाडी अडते ती तिथेच.

मेंदूत काय टिकून राहतं

अल्झायमर हा स्मृतिभ्रंशाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. त्यात पहिला मार बसतो तो हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या आसपासच्या भागावर. नव्या घटना साठवण्याचं काम तिथे होतं, म्हणून कालचं आणि आत्ताचं आधी जातं. ओळखीच्या गाण्यांची साठवण मात्र वेगळ्या ठिकाणी असते. लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये हे दाखवलं. निरोगी तरुणांना ओळखीची आणि अनोळखी गाणी ऐकवून मेंदूचे कोणते भाग जागे होतात ते त्यांनी नोंदवलं आणि मग अल्झायमरच्या रुग्णांमध्ये त्याच भागांची किती झीज झाली आहे ते पाहिलं. हे भाग बाकीच्या मेंदूच्या मानाने बरेच शाबूत होते. त्यांतला एक भाग हालचालींची आखणी करणारा आहे. गाणं लागल्यावर नाव किंवा चेहरा आठवायच्या आधी बोटं आणि ओठ हलू लागतात, ते या शेजारामुळे समजून घेता येतं.

आनंदाचं गणितही जुन्या गाण्याच्या बाजूने आहे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात २०११ मध्ये झालेल्या अभ्यासात असं दिसलं की आवडीच्या गाण्यातली आवडती जागा जवळ येऊ लागली की मेंदूत डोपामिन हे सुखाशी जोडलेलं रसायन सुटायला लागतं, आणि ती जागा आल्यावर पुन्हा सुटतं, मेंदूच्या दुसऱ्या एका भागात. वाट पाहण्यातही सुख आहे. पण वाट पाहायची तर पुढे काय येणार ते माहीत हवं, म्हणजे गाणं मुरलेलं हवं.

म्हणूनच अमुक आजारावर अमुक राग असे जे तक्ते मोबाइलवर फिरतात, ते बाजूला ठेवा. आयुष्यभर भजनी मंडळात बसलेल्या माणसाला ‘मन शांत करणारी’ बासरी तासभर ऐकवली तर तो उठून जातो, आणि त्याचं काही चुकत नाही. लिंडा गर्डनर या परिचारिका-संशोधिकेने २००० साली ३९ जणांवर नेमकी हीच तुलना केली होती: एका बाजूला माणसाच्या आवडीची गाणी, दुसऱ्या बाजूला शांत समजलं जाणारं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत. अस्वस्थता अधिक कमी झाली ती आवडीच्या गाण्यांनी.

आणि अपेक्षा किती ठेवायची? कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २०१८ मध्ये अनेक चाचण्या एकत्र तपासल्या. संगीताने उदासी कमी होते आणि एकंदर वागण्यातल्या अडचणी काही प्रमाणात कमी होतात, असं त्यांना दिसलं. स्मरणशक्ती सुधारत नाही, आणि आक्रमक चिडचिडीवर ठोस परिणाम दिसला नाही. गाण्याने आजार थांबत नाही आणि औषध बंद करता येत नाही. दिवसातला अर्धा तास सुखाचा जातो, एखादं अवघड काम न भांडता होतं. ज्या घरात हे चालू आहे त्यांना या दोन गोष्टींची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

पहिली पायरी: कान तपासा

गाणी निवडण्याआधी कान बघून घ्या. म्हाताऱ्या माणसाच्या कानात मळ साचून घट्ट होणं फार सर्रास असतं, आणि ऐकू कमी येतंय हे सांगण्याइतकी स्मृतिभ्रंशात अनेकदा भाषा उरलेली नसते. कानाच्या डॉक्टरांकडून मळ काढून घ्या. घरी काडी किंवा पिन घालू नका. श्रवणयंत्र असेल तर त्याची बॅटरी तपासा.

वयाने ऐकू येणं कमी होतं ते वरच्या पट्टीच्या आवाजांपासून. स, श, त, फ ही व्यंजनं विरघळतात आणि शब्द एकमेकांत मिसळतात. अशा कानाला वीस वाद्यांचा ताफा असलेलं गाणं म्हणजे नुसता कल्ला. एक आवाज, पेटी आणि तबला किंवा टाळ-मृदंग एवढ्याच साथीचं गाणं नीट पोचतं. आणखी एक अडचण अशी की हळू आवाज ऐकूच येत नाही, आणि थोडा वाढवला की एकदम टोचतो. त्यामुळे आवाज झटकन वाढवायचा नाही. एक टप्पा वाढवा, दहा सेकंद थांबा, चेहरा बघा.

दुसरी पायरी: गाण्यांचं वय काढा

माणसाच्या आठवणीत सगळ्यात घट्ट रुतलेली गाणी साधारण १० ते २५ या वयातली असतात. जन्मसालात १० आणि २५ मिळवा. १९४२ चा जन्म असेल तर १९५२ ते १९६७ हा पट्टा. आता त्या वर्षांत त्या घरात गाणं येत होतं कुठून, हे शोधायचं. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला होती. १९५५ च्या एप्रिलपासून वर्षभर पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला गीतरामायणाचं नवं गाणं येत होतं. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली. घरात रेडिओ होता की शेजारी जाऊन ऐकायचे? नसेलच, तर गाणं देवळातून, जात्यावरून, तमाशाच्या फडातून, जयंतीच्या मिरवणुकीतून, शाळेच्या प्रार्थनेतून आलेलं असणार. जन्म १९५८ नंतरचा असेल तर कॅसेट आणि २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालेलं मुंबई दूरदर्शनही हिशेबात घ्या.

‘आई, तुला कुठलं गाणं आवडतं?’ हा प्रश्न विचारू नका. आठवून, निवडून, शब्दांत सांगणं या तिन्ही गोष्टी तिला जड जातात आणि आपल्याला काहीच येत नाही एवढंच तिच्या लक्षात येतं. माहिती भोवतालच्या माणसांकडून काढा. भाऊ-बहिणी, माहेरच्या वहिनी, जुने शेजारी, नोकरीतले सोबती. त्यांनाही मोघम विचारू नका:

– शाळेत प्रार्थना कुठली होती? स्नेहसंमेलनात काय म्हटलं होतं?
– घरी पहाटे कोण उठून काय म्हणायचं? भूपाळी, काकड आरती, हरिपाठ?
– भोंडला किंवा हादगा कुठे व्हायचा? मंगळागौरीला जागायची का?
– लग्नात बँडने काय वाजवलं होतं? मुलांना अंगाई कुठली म्हणायची?
– नाटक बघायला जायचे का? नाट्यगीतं, लावणी, पोवाडा, कव्वाली, भीमगीतं यांतलं घरात काय चालायचं?

जुन्या कपाटांत पिवळ्या पानांची गाण्याची वही सापडते. ती मिळाली तर निम्मं काम झालं.

बोलीकडे विशेष लक्ष द्या. आजार वाढला की माणूस लहानपणच्या भाषेत परततो. पन्नास वर्षं मुंबईत प्रमाण मराठी बोललेली बाई मालवणीत, अहिराणीत किंवा कोंकणीत बोलू लागते, आणि गाणंही त्याच बोलीतलं मागते. गोव्यातल्या ख्रिस्ती घरातल्या माणसासाठी मांडो किंवा चर्चमधलं गीत जे करील ते मराठी भावगीत करणार नाही. अशी गाणी बाजारात मिळाली नाहीत तर मावशीकडून, आत्याकडून म्हणवून घ्या. खोलीतला पंखा बंद, खिडकी बंद, मोबाइल गाणाऱ्याच्या तोंडापासून एक वीत लांब, दोन-तीन मिनिटांचा एक तुकडा. सूर इकडेतिकडे झाला तरी चालतो; बहिणीचा आवाज आहे हे महत्त्वाचं.

तिसरी पायरी: एकेक गाणं पारखून घ्या

पहिल्या फेरीत २५-३० गाणी जमतील. ती सगळी चालणार नाहीत. माणूस जेवलेला, झोप झालेला, शांत असेल अशी वेळ निवडा. बहुतेकांना सकाळी दहा-साडेदहा बरी पडते. एका बैठकीत चार-पाच गाणी, प्रत्येकी मिनिटभर, मध्ये अर्ध्या मिनिटाची शांतता. टीव्ही बंद.

या मिनिटात तुम्ही मोबाइलकडे बघायचं नाही, माणसाकडे बघायचं. पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत बहुधा काहीच दिसत नाही. मग भुवया किंचित वर जातात. लुगड्याचा काठ चुरगाळत असलेली बोटं थांबतात. अंगठा तर्जनीवर टेकतो, उचलतो, पुन्हा टेकतो, आणि तुमच्या लक्षात येतं की हे समेवर होतंय. ओठ हलतात, आवाज नसतो. ध्रुवपद दुसऱ्यांदा आलं की शेवटचा शब्द ऐकू येतो, फक्त शेवटचा. वरवर बघणाऱ्याला आजी नुसती बसलेली दिसेल. प्रत्यक्षात त्या मिनिटात तिने बरंच काही केलेलं असतं.

वहीत गाण्यापुढे आकडा लिहा. काहीच नाही तर ०. नजर वळली, चेहरा बदलला तर १. बोट, पाय, ओठ हलले तर २. शब्द म्हटले, हसली, हात पुढे केला तर ३. त्रास झाला तर फुली. १ मिळालेलं गाणं दुसऱ्या दिवशी पुन्हा लावून बघा. एका दिवसावर काढून टाकू नका.

रडू आलं तर काय? घरचे इथे घाबरतात आणि गाणं बंद करतात. डोळ्यांत पाणी आहे, पण चेहरा सैल आहे, हात तुमच्या हातात आहे, गाणं संपल्यावर श्वास मोकळा झालाय, तर ते रडू वाईट नाही. तुम्ही शेजारी बसून राहा. मुठी आवळल्या, श्वास वर लागला, उठून दाराकडे जायला लागली, गेलेल्या माणसाचं नाव घेऊन शोधायला लागली, तर गाणं थांबवा आणि त्यावर कायमची फुली मारा. तरुण मुलगा गेला त्या दिवसांत घरात वाजत असलेलं भजन कितीही सुंदर असलं तरी यादीत नको. म्हणूनही नातेवाइकांना विचारणं टाळू नका.

चौथी पायरी: यादी एक नको, तीन करा

२ आणि ३ मिळालेली गाणी घ्या आणि त्यांची लय मोजा. गाणं लावून ज्या ठेक्यावर पाय आपसूक पडतो ते १५ सेकंद मोजा, चारने गुणा. मिनिटाला ६० ते ८० ठोके म्हणजे संथ, ९० ते ११० म्हणजे चालतं गाणं, त्याच्या वर उडतं.

सकाळची यादी: भूपाळी किंवा अभंगाने सुरुवात, मग चालती गाणी. सहा-सात गाणी, साधारण २५ मिनिटं.

कामाची यादी, म्हणजे अंघोळ, कपडे बदलणं, केस विंचरणं यांसाठी: ठाशीव ठेक्याची, सोबत म्हणता येतील अशी चार गाणी, प्रत्येक वेळी त्याच क्रमाने. पहिलं गाणं लागलं की आता अंघोळ, ही जोड दोन-तीन आठवड्यांत बसू लागते.

संध्याकाळची यादी: पहिली दोन गाणी माणसाच्या अस्वस्थपणाशी जुळतील अशी मध्यम लयीची, मग हळूहळू संथ. एकदम संथ गाण्याने सुरुवात केली तर येरझाऱ्या घालणाऱ्या माणसाला ते कानावरही येत नाही. आधी त्याच्या चालीला गाठायचं, मग दोघांनी मिळून हळू व्हायचं. शेवटचं गाणं रोज एकच ठेवा.

मूळ ध्वनिमुद्रणच वापरा. नव्या साथीने पुन्हा केलेली, दुसऱ्या गायकाने गायलेली आवृत्ती तुम्हाला तीच वाटते, पण या मेंदूला ती अनोळखी असते. सुरुवातीचे वाद्यांचे पाच-सहा सूर ओळखून जी दारं उघडतात, ती मग उघडत नाहीत.

पाचवी पायरी: यंत्र आणि आवाज

सगळ्यात जास्त बिघडतं ते जाहिरातींमुळे. अभंग संपतो आणि दुप्पट आवाजात कोणीतरी कर्ज द्यायला येतं. माणूस दचकतो, आणि कमावलेली वीस मिनिटं जातात. गाणी मोबाइलमध्ये उतरवून घ्या किंवा पेन ड्राइव्हवर भरून छोट्या स्पीकरला लावा. आपोआप पुढचं गाणं लागण्याची सोय बंद करा, मोबाइल विमानाच्या खुणेवर ठेवा म्हणजे मध्येच फोन येणार नाही. सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा आहे ना ते आधी तपासा. जुनी मुद्रणं हळू असतात, नवी मोठी.

स्पीकर एकच, माणसाच्या समोर किंवा ज्या कानाने चांगलं ऐकू येतं त्या बाजूला, हाताच्या अंतरावर, कानाच्या उंचीला. पाठीमागून येणारा आवाज कुणाचा हे कळत नाही आणि भीती वाटते. आवाज एवढा ठेवा की शेजारी बसून तुम्हाला नेहमीच्या आवाजात बोलता यावं. मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप असेल तर ६० ते ६५ डेसिबल, ऐकू कमी येत असेल तर ७० पर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला ४० तासांसाठी ८० डेसिबलची मर्यादा सांगितली आहे. घरात तिच्या जवळपासही जायची गरज पडत नाही.

हेडफोन लावायचाच असेल तर कान झाकणारा, मऊ गादीचा घ्या. कानात खुपसायचे नकोत. आधी तो आजीच्या हातात द्या, स्वतःच्या कानाला लावून दाखवा, मग विचारून लावा. श्रवणयंत्रावर हेडफोन बसवला की शिट्टी वाजते. तशा वेळी स्पीकरच बरा.

सहावी पायरी: प्रत्यक्ष वेळ

संध्याकाळी पाच-साडेपाचला ‘मला घरी जायचंय’ सुरू होत असेल, तर गाणी पाचला नाही, साडेचारला लावा. अस्वस्थता चढायच्या अर्धा तास आधी सुरुवात करायची. एकदा आवाज चढले, रडारड झाली की गाणं हा त्या गोंधळातला आणखी एक आवाज ठरतो.

समोर बसा, हाक मारा, नजर मिळाली की सांगा: ‘आजी, गाणं लावते हं.’ पहिल्या गाण्यात फक्त हातावर हलका ठेका धरा. दुसऱ्यात स्वतः गुणगुणा. ओळीचा शेवटचा शब्द सोडून द्या, थांबा, तिच्याकडे बघा. तो शब्द बहुधा ती भरते. नाही भरला तर दोन सेकंदांनी तुम्ही म्हणा आणि पुढे चला. ‘सांग बरं कुणी गायलंय?’, ‘हे कुठल्या नाटकातलं?’ अशी परीक्षा घेऊ नका. चुकीचे शब्द म्हटले तरी सुधारू नका.

सोबत गाताना पट्टी खाली घ्या. वयाने बायकांचा आवाज उतरतो. तरुणपणी पेटीच्या काळी चार पट्टीत गाणारीला आता पांढरी चार किंवा त्याहून खालची पट्टी सोयीची पडते. मूळ गाण्याच्या उंच पट्टीत तिचा आवाज पोचत नाही, म्हणून ती गप्प बसते आणि आपल्याला वाटतं की गाणं विसरली. गाणं बंद करून तानपुऱ्याच्या ॲपवर खालचा षड्ज लावून बघा. अनेकदा तिथे आवाज फुटतो.

२० ते ३० मिनिटं पुरेत. संपल्यावर लगेच टीव्ही लावू नका, मिनिटभर शांत बसा.

अंघोळीची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण घरात सगळ्यात जास्त भांडणं तिथे होतात. बादली आधी भरून ठेवा; नळाची धार चालू असेल तर गाणं ऐकू येत नाही आणि त्या आवाजानेच माणूस बिथरतो. कामाच्या यादीतलं पहिलं गाणं खोलीत दहा मिनिटं आधी सुरू करा. ते चालू असतानाच हात धरून चाला. स्पीकर न्हाणीघरात नेऊ नका: टाइल्सवर आवाज घुमतो आणि शब्दांचा लगदा होतो. तो दाराबाहेर स्टुलावर ठेवा, किंवा आत गेल्यावर तेच गाणं तुम्ही म्हणा. पहिला तांब्या पायांवर, ठेक्याच्या बाजूने. टॉवेलने पुसतानाही तोच ठेका. काही दिवस जमणार नाही. मग अंघोळ सोडा, अंग पुसून घ्या, गाणं मात्र पूर्ण होऊ द्या. नाहीतर त्या गाण्याशी भांडणाची आठवण जोडली जाते.

जेवताना सोबत म्हणायची गाणी लावू नका. तोंडात घास असताना गायला गेली तर ठसका लागतो, आणि गिळण्याचा त्रास असणाऱ्याला ते धोक्याचं आहे. जेवणाआधी पाच मिनिटं गाणं, मग शांतता. उभं राहून नाचायचा उत्साह आला तर आनंदच आहे, पण फरशी कोरडी, पायांत न घसरणारी चप्पल आणि तुमचे दोन्ही हात मोकळे हवेत.

काय बिघडतं

दिवसभर रेडिओ चालू ठेवणं ही सर्वांत मोठी चूक. सततच्या आवाजातून एक आवाज वेगळा काढणं स्मृतिभ्रंशात अवघड होतं. संध्याकाळपर्यंत मेंदू थकतो आणि तीच चिडचिड वाढते. दिवसातून दोनदा, फार तर तीनदा.

एकच यादी महिनाभर वाजवली तर ३ चं गाणं १ वर येतं. दर दोन आठवड्यांनी दोन गाणी बदला, संध्याकाळचं शेवटचं आणि कामाच्या यादीतलं पहिलं मात्र हलवू नका. गाणं लावून स्वतः स्वयंपाकघरात निघून जाणं हीसुद्धा चूकच. निदान पहिली दोन गाणी शेजारी बसा. आणि एका दिवसात निकाल लावू नका. कॉक्रेनच्या आढाव्यातही निदान पाच सत्रं झालेल्या चाचण्याच घेतल्या होत्या. तुम्ही दोन आठवडे द्या आणि रोज वहीत चार गोष्टी लिहा: वेळ, गाण्याआधीची मनःस्थिती, नंतरची, आणि रात्रीची झोप. डॉक्टरांकडे जाताना ही वही बरोबर न्या. ‘बरं वाटतं हो’ यापेक्षा तिचा त्यांना जास्त उपयोग होतो.

कालपर्यंत गाण्याला प्रतिसाद देणारा माणूस एक-दोन दिवसांत अचानक गुंगीत गेला, भलतं दिसू लागलं, बडबड वाढली, तर यादी बदलत बसू नका. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, दुखणं, पाणी कमी पडणं, नवं औषध यांनी असं होतं, आणि ते त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं असतं.

घर लांब असेल तर

आई न्यू जर्सीत किंवा पुण्यातल्या वृद्धाश्रमात असेल आणि सांभाळणाऱ्यांना मराठी येत नसेल, तर एक पान भिंतीला लावा, सांभाळणाऱ्यांना वाचता येईल त्या भाषेत आणि लिपीत. कुठली यादी किती वाजता, स्पीकर कुठल्या बाजूला, आवाज किती, फुलीची गाणी कुठली. त्याखाली ओळखायच्या खुणा: अंगठा हलणं म्हणजे आवडलंय, पदर ओढणं म्हणजे थांबवा. व्हिडिओ कॉलवर एकत्र गाऊ नका. आवाज क्षणभर मागेपुढे होतो आणि ठेका मोडतो. तुम्ही गा, तिला ऐकू द्या.

शेवटच्या टप्प्यात

शब्द जातात, मग ओठांची हालचालही जाते. तेव्हा यादी बंद करू नका, लहान करा. एकच गाणं किंवा चार ओव्या, साथ नको, तुमचाच आवाज, नेहमीपेक्षा हळू आणि खाली, कानापासून हातभर अंतरावर. दहा मिनिटांपेक्षा जास्त नको. आता बघायचं ते पापण्यांकडे, कपाळावरच्या आठीकडे आणि छातीच्या वर-खाली होण्याकडे. तिच्या श्वासाला धरून ओळ म्हणा: श्वास सुटताना ओळ, घेताना थांबा. चार-पाच ओळींत तुमचीच घाई कमी होते. आठी सुटली तर तीच ओवी पुन्हा म्हणा. आठी वाढली किंवा मान वळली तर थांबा, हात हातात राहू द्या, आणि तिन्हीसांजेला पुन्हा एकदा करून बघा.